जुन्या चित्रपटांकडे परत वळण्याची सवय कुठून आली?

नवा चित्रपट लागला की परीक्षण, आणि त्याला पंचवीस-पन्नास वर्षं झाली की पुन्हा लेख. हे आता अंगवळणी पडलंय. पण यातलं दुसरं काम बरंच उशिरा सुरू झालं.

पहिलं जवळपास चित्रपटाइतकंच जुनं. ल्युमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ केला आणि पुढच्याच उन्हाळ्यात मॅक्सिम गॉर्कीनं निझनी नोवगोरोदमध्ये ती हलती चित्रं पाहून वर्तमानपत्रात लिहिलं: आवाज नाही, रंग नाही, सगळं करडं, आणि थेट प्रेक्षकांच्या रोखानं येणारी आगगाडी.

मागे वळून पाहायला मात्र चित्रपट शिल्लक हवा. मूकपटांच्या काळात खेळ संपले की प्रिंट नष्ट करून त्यातली चांदी काढून घेत. नायट्रेटच्या फिल्मला आगीचं भय वेगळंच. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं चित्रपटसंग्रह सुरू केला, तो सांभाळला आयरिस बॅरी यांनी. त्या मूळच्या लंडनमधल्या चित्रपट समीक्षक. परीक्षण लिहिणारी व्यक्तीच रिळं जपायला पुढे आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये सिनेमातेक फ्रान्सेज ही चित्रपट जपणारी संस्था उभी राहिली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 चं.

जपणुकीनं काय बदलतं, ते फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारच्या 'द रूल्स ऑफ द गेम' या चित्रपटात दिसतं. जुलै 1939 मध्ये तो पॅरिसला लागला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रन्वारनं घाईघाईनं कात्री चालवली, तरी तो पडलाच. काही महिन्यांत बंदी आली आणि युद्धात बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्हही गेली. पुढे चाहत्यांनी उरलेले तुकडे गोळा करून, रन्वारच्या संमतीनं, तो पुन्हा जुळवला. 1959 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. 1962 च्या कौलात हा चित्रपट तिसरा, 1972 मध्ये दुसरा! 1939 मधल्या समीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर हा जुळवलेला चित्रपट नव्हताच.

नंतर टीव्ही आणि व्हिडिओमुळे जुने चित्रपट घरात आले आणि वर्धापनदिनाचे लेख वाढले. त्यातले बरेचसे नुसत्या आठवणींवर भागवतात, हे खटकतं. 'शोले'चंच पाहा. 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला तेव्हा सुरुवातीची परीक्षणं थंडच होती. आणीबाणीत सेन्सॉरनं हरकत घेतल्यामुळे शेवटही बदलावा लागला होता. जून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात पुनरुज्जीवित प्रत दाखवली, ती मूळ शेवटासह. त्यामुळे पन्नाशीच्या लेखात आपण नेमकी कोणती प्रत पाहिली, हे लिहिणाऱ्यानं आधी सांगायला हवं.