पीसी बंद पडतो म्हणजे व्हायरसच?

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाचा पीसी चालता चालता गपकन बंद पडला, की सल्ला ठरलेला: “व्हायरस आहे, फॉरमॅट मारा.” कृपा करून घाई करू नका, फोटो, हिशेब जातील आणि दोष यंत्राचा असेल, तर पीसी पुन्हा बंद पडेलच. आधी बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा, उघडून पीसी तसाच राहू द्या. तिथे विंडोज चालूच नसतं. तरीही बंद पडला, तर दोष यंत्राचा, बहुधा उष्णतेचा नाहीतर पॉवर सप्लायचा. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला, की जळू नये म्हणून वीज तोडली जाते. त्यात बडोद्याचा मे महिना! शेजारच्या काकूंच्या पीसीत हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धुळीची गादीच होती; प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांपर्यंत नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्रशने धूळ काढली, नवी पेस्ट लावली; नातवंडांचे फोटो जागेवर आहेत.