वाळवण श्रावणात का बुरसतं?

चैत्रात वाळवलेला घेवडा बरणीत ओतताना खुळखुळ वाजतो. श्रावणात झाकण काढावं तर कुबट वास आणि दाण्यांवर पांढरट लव. यात उन्हाचा दोष क्वचितच असतो. एक तर दाणा वरून वाळला आणि आतून ओला राहिला, नाही तर बरणीत गेल्यावर हवेतली ओल त्याने शोषून घेतली.

पदार्थात एकूण पाणी किती आहे, याच्याशी बुरशीला फारसं देणंघेणं नसतं. तिला लागतं ते मोकळं पाणी. मीठ, साखर, पिठूळ भाग यांनी धरून ठेवलेलं पाणी तिला ओढून घेता येत नाही. या मोकळेपणाचं माप म्हणजे जलक्रियता. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. ती ०.९१ च्या खाली गेली की बहुतेक जिवाणू थांबतात, पण बुरशा चिवट, त्या त्याही खाली तग धरतात. ०.६ च्या खाली मात्र कुणाचीच वाढ होत नाही. परसबागेतला माल टिकवायचा तर गाठायचा आकडा हाच.

हा आकडा घरीही मोजता येतो. बंद बरणीत दाणे ठेवले की एका दिवसात आतल्या हवेची आर्द्रता आणि दाण्यातलं पाणी यांचा तोल जमतो. हवा ६० टक्के दाखवत असेल, तर दाण्याची जलक्रियता ०.६. बाजारात मिळणारा छोटा आर्द्रतामापक बरणीत ठेवा आणि २४ तासांनी वाचा. ५५-६० पर्यंत ठीक, ६५ च्या वर गेला तर पुन्हा ऊन दाखवा.

मापक नसेल तर मिठाची परीक्षा. पाऊण लिटरची कोरडी काचेची बाटली घ्या. त्यात २५०-३०० ग्रॅम दाणे आणि तव्यावर परतून गार केलेलं २०-३० ग्रॅम मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. न चिकटलं म्हणून लगेच बरणी भरू नका. साठवणीला १२ टक्क्यांच्या आसपास ओल हवी आणि ती ही परीक्षा दाखवत नाही. म्हणून त्यानंतरही दोन दिवस ऊन द्यायचं.

साताऱ्यात तर एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, माणमध्ये ५०० च्या आसपास. माणच्या दहिवडीत किंवा सांगलीकडच्या आटपाडीत नुसत्या डब्यात टिकणारी चवळी पाटणच्या पश्चिमेला आषाढातच मऊ पडते. तिथे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीला पर्याय नाही.

आता वाळवण्याबद्दल. हिरव्या शेंगा, मग घेवडा असो की गवार, आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाकाव्यात. शेंगेतली विकरं (एन्झाइम) वाळल्यावरही हळूहळू काम करत राहतात. रंग उडतो, गवताचा वास येतो. उकळतं पाणी त्यांना निकामी करतं. मेथी मात्र सावलीतच वाळवावी, उन्हात तिचा रंग जातो.

टोमॅटो अख्खा वाळत नाही, कारण त्याची मेणचट साल पाणी अडवून धरते. तासगावच्या बेदाणा शेडवर हाच अडसर दूर करायला द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मेणाचा थर विस्कटतो आणि घड सावलीतल्या जाळीवर साधारण दोन आठवड्यांत वाळतो. घरी एवढ्या खटपटीची गरज नाही, सुरी पुरे. ६-८ मिलिमीटरचे काप करा, मीठ भुरभुरा आणि कापलेली बाजू वर ठेवा. घाई म्हणून कडक ओव्हनमध्ये घातले तर बाहेरचा थर टणक होतो, आतलं पाणी कोंडतं आणि महिन्याभराने तिथूनच बुरशी फुटते.

संध्याकाळी वाळवण आत घ्यायचा रिवाज शहाणपणाचा आहे. रात्री हवा गार होते, सापेक्ष आर्द्रता चढते आणि दिवसभर गेलेलं पाणी परत यायला लागतं. तसंच, उन्हातून आणलेलं गरम वाळवण थेट बरणीत भरू नये. गार होताना झाकणाखाली थेंब जमतात. भरल्यावर आठवडाभर बरणी रोज हलवावी. काचेवर दमटपणा दिसला तर सगळं पुन्हा उन्हात.

मिरचीला जास्त जपावं लागतं. झाडावर पूर्ण लाल झालेलीच तोडा, देठ ठेवा आणि मातीवर न पसरता स्वच्छ कापडावर पसरा. वाकवल्यावर मोडली पाहिजे, दुमडली तर अजून ओली आहे. ओलसर मिरचीवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते कुटण्याने जात नाही, तळण्यानेही पुरतं जात नाही, म्हणून काळवंडलेली मिरची ‘मसाल्यात खपून जाईल’ म्हणू नये. कांदा-लसूण मसाल्याचा कांदाही कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. अर्धवट तळलेला कांदा सगळ्या मसाल्याला ओल देतो.

कडधान्याचा दुसरा शत्रू भुंगेरा. तो बरेचदा घरात शिरत नाही, शेतातूनच येतो, कारण मादी शेंगेवरच अंडी घालते. वाळलेले दाणे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवले तर अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. एरंडेल तेल, किलोला ५ मिली, चोळण्याची जुनी रीतही खरी आहे. तेलाच्या थराने अंड्यांचा श्वास कोंडतो. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर वाळलेला, ओला पाला दाण्यांना पाणीच पाजतो.

श्वास कोंडण्याचं तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांनी. जमिनीखालच्या या कोठारांत हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडा जगत नाही. माणसाच्याही जिवावर हा वायू बेततो, त्यामुळे पेव उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरायचं नसतं. २००५ च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं निकामी झाली.

कांदा या सगळ्याला अपवाद. त्याला फ्रीजमध्ये कोंबू नका. माना पूर्ण वाळू द्या आणि हवेशीर जागी टांगा. फ्रीजबाहेरही १० ते २० अंशांच्या गारव्यात त्याला लवकर कोंब फुटतात. टोमॅटो १२ अंशांखाली चव गमावतो. लसूण कच्चा तेलात बुडवून बाहेर ठेवणं तर धोक्याचंच. हवा नाही, आंबटपणा नाही, अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढतात. आंबटपणा वाढून पीएच ४.६ च्या खाली आला की ते वाढू शकत नाहीत, म्हणून लोणच्यात लिंबू, व्हिनेगर भरपूर लागतं. आंबट न केलेलं लसणाचं तेल फ्रीजमध्ये चार दिवस, त्यानंतर टाकून द्या.

आणि बरण्या लहान घ्या. दोन किलोची एक बरणी श्रावणात तीस वेळा उघडली जाते आणि दर वेळी ओली हवा आत घेते. पाव-पाव किलोच्या आठ बाटल्या केल्या, तर उघडी असते ती एकच.