फालुद्यातला सब्जा आणि स्त्रीबीज

पुतणीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस द्यायचं ठरलं आणि शेजारच्या काकूंनी लगेच फोन पुढं केला, फॉरवर्ड होता, 'लशीतल्या व्हायरसचा डीएनए मुलींच्या बीजात मुरतो, सात पिढ्या बाद'. आता ह्या लशीत व्हायरसच्या वरच्या प्रोटीनची पोकळ टरफलं असतात, आतला जीनोम, म्हणजे व्हायरसचा डीएनए, भरलेलाच नसतो, त्यामुळं ते तिथंच संपलं. पण प्रश्न मला आवडला. स्त्रीबीज बाहेरचा डीएनए शोषून घेतं का हो?

संध्याकाळी रंकाळ्यावर फालुदा खाताना काकूंना चमच्यातला सब्जा दाखवला. मधे काळं बी, भोवती जेली, दाबलं तरी सटकतंय. स्त्रीबीजाभोवतीपण असं पारदर्शक जाड कवच असतंय, झोना पेल्युसिडा. मोकळा डीएनए रक्तात आला तर एन्झाइम्स त्याचे तुकडे पाडतात, त्यातनं वाचला तर पुढं हे कवच. टीपकागदासारखं काही नाही.

खरी गंमत आत आहे. रेट्रोव्हायरस आरएनए घेऊन येतो, त्यावरनं डीएनए बनवतो आणि इंटिग्रेज नावाचं एन्झाइम तो डीएनए आपल्या क्रोमोसोममध्ये शिवून टाकतं. पण उंदरांच्या ल्युकेमियाचा जो व्हायरस आहे त्याला केंद्रकाचा पडदा ओलांडताच येत नाही, पेशी विभागताना पडदा विरघळतो तेवढाच त्याला चान्स. आणि स्त्रीबीज पिकून बाहेर पडतं तेव्हा मेटाफेज टू ला, म्हणजे विभागणीच्या अर्ध्यातच थांबून शुक्राणूची वाट बघत बसलेलं असतं, आणि त्या सगळ्या वेळात केंद्रकाला पडदाच नसतो! दार सताड उघडं. हेच हेरून १९९८ ला अमेरिकेत असल्या व्हायरसकरवी गायीच्या बीजांत जीन घातले, आणि २००१ ला ओरेगॉनमधल्या अँडी माकडाची बातमी आली, जेलीफिशचा जीन घेऊन जन्मलेलं. तरी व्हायरस कवचाखाली सुईनंच सोडावा लागला, आणि २२४ बीजांतनं जिवंत पिल्लं ३, त्यात जीनवालं एक.

निसर्गाकडं सुई नाही, पण लाखो वर्षं आहेत. आपल्या जीनोमचा साधारण ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसचा, फॉरवर्ड करणाऱ्यांच्यातपण. त्यातलाच सिन्सिटिनचा जीन बाळाची वार बनताना पेशी एकमेकींत मिसळाव्यात म्हणून गरजेचा असतो. आणि ऑस्ट्रेलियात कोआलांच्यात हे आत्ता चालू आहे, उत्तरेकडच्या पिल्लांना व्हायरस आईबापाच्या जीनमधनंच मिळतोय, दक्षिणेकडं बऱ्याच कोआलांच्या वारशात तो अजून पोचलेला नाही.