दीर्घकालीन आजारांची लोकसंख्याव्यापी नोंद (संदर्भ : इंदूर)

मधुमेह, उच्च रक्तदाब, कर्करोग यांसारखे आजार देशात किती जणांना आहेत, किती जण उपचार घेतात आणि किती जणांचा आजार आटोक्यात आहे, हे सतत मोजत राहण्याची व्यवस्था. साथीच्या रोगात नवे रुग्ण मोजणे हे मुख्य काम असते. इथे मात्र तोच माणूस वीस-तीस वर्षे नजरेत ठेवावा लागतो आणि खरी कसोटी तिथेच लागते.

माहिती मुख्यतः दोन वाटांनी येते. पहिली, नमुना पाहणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब आणि साखर घरोघरी जाऊन मोजली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या देशपातळीवरील अभ्यासातून ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे दिसले. पाहणीतून प्रमाण कळते. नेमका रुग्ण कोणत्या गल्लीत राहतो, ते कळत नाही.

ते काम दुसऱ्या वाटेचे, म्हणजे तिशीपुढच्या प्रत्येकाच्या तपासणीचे. आशा कार्यकर्ती घरी ‘सीबॅक’ फॉर्म (आजाराचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली) भरते : वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घराण्यातले आजार. गुण ४ च्या वर गेले तर तपासणी आधी. पण कमी गुणांच्या माणसालाही वगळायचे नसते. पुढे आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर पाहतात आणि नोंद पोर्टलवर चढते. जेवणाची वेळ न पाहता केव्हाही घेतलेली शुगर १४० च्या वर आली की उपाशीपोटी तपासणीसाठी पाठवतात. एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत.

चुका अगदी साध्या असतात. टेप साडीच्या निऱ्यांवरून फिरवला की घेर वाढतो. तो शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर लावायचा. जिना चढून आलेल्याला पाच मिनिटे न बसवता बीपी घेतले तर आकडा फुगतो. रजिस्टरात ओळीने १२०/८० दिसू लागले, की मोजणी न करताच आकडे भरल्याचा संशय घ्यावा.

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगरसारख्या जुन्या मराठी वस्त्यांत एक वेगळीच अडचण येते. घरातले आजी-आजोबा वर्षानुवर्षे ठरलेल्या खासगी डॉक्टरांकडून गोळ्या घेतात, त्यामुळे सरकारी यादीत ते एकतर नसतातच किंवा ‘उपचार नाही’ या रकान्यात पडतात. कार्यकर्तीने नुसते ‘बीपी आहे का?’ असे विचारण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटे आणि जुना कागद दाखवायला सांगावे. मुलाकडे पुण्याला चार महिने गेलेले रुग्ण ‘आले नाहीत’ म्हणून धरले जातात. नावांचाही घोळ होतो : एका ठिकाणी ‘काळे’, दुसऱ्या ठिकाणी ‘काले’, मग एकाच माणसाच्या दोन नोंदी. १४ अंकी आभा क्रमांक (प्रत्येकाचा स्वतंत्र डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) जोडला तर हे बरेच टळते.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला. मध्य प्रदेश त्यांपैकी एक. या उपक्रमात शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली असलेले रुग्ण ‘नियंत्रित’ धरतात. टक्केवारी काढताना भागाकार कशाने करायचा, याला फार महत्त्व आहे. समजा, १०० जणांची नोंद आहे, ६० आले, त्यांतल्या ४५ जणांचा बीपी आटोक्यात आहे. नियंत्रण ४५ टक्के. आलेल्यांनीच भागले तर ७५ येतात आणि न आलेले ४० जण अहवालातून गायब होतात. खरे तर फोन आधी त्यांनाच जायला हवा.

कर्करोगासाठी १९८१ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम आहे. लोकसंख्येवर आधारित नोंदणीत रुग्ण राहत्या गावाच्या खाती धरतात, उपचार मुंबईत झाले तरी.

शेवटची नोंद मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर होते. रुग्णालयात फॉर्म ४, घरी मृत्यू झाल्यास ४अ. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे कारण नव्हे. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते. फॉर्मच्या पहिल्या भागात तात्काळ कारण वर आणि मूळ आजार खाली लिहावा; मृत्यूला हातभार लावणारा मधुमेह दुसऱ्या भागात.