आयर्विनचे फूट आणि दोन ओळींची चौकशी

पावसाळ्यात सांगलीत एकच चौकशी असते: आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका. हल्ली त्यासोबत ‘कुठला रस्ता बंद ते एआय सांगणार’ असे मथळेही येतात. आत्ता कुठला रस्ता बंद आहे हे नाक्यावरचा पोलीसही सांगतो. अवघड प्रश्न वेगळाच आहे. रस्ते कुठल्याही क्रमाने बुडोत, एखादं गाव दवाखान्यापासून पुरतं तुटेल अशी वेळ येऊ शकते का? कृष्णामाईची ओटी जरूर भरावी, पण याचं उत्तर तिथे मिळत नाही.

गावं म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा, झाला आलेख. ‘पाणी चढलं की रेषा पुसा’, ‘होडी सुरू झाली की रेषा जोडा’ हे तो बदलणारे नियम. आता तर्काच्या भाषेत विचारू:

क वरून ख ला पोहोचता येतं, जर क–ख रस्ता असेल.
क वरून ख ला पोहोचता येतं, जर क–ग रस्ता असेल आणि ग वरून ख ला पोहोचता येत असेल.

दुसरी ओळ स्वतःलाच बोलावते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पहिल्या फेरीत सांगलीवाडी–सांगली आणि सांगली–मिरज या जोड्या हाती येतात, दुसरीत सांगलीवाडी–मिरज. नवी जोडी निघेनाशी झाली की थांबायचं. गावं मोजकी, म्हणून जोड्याही मोजक्या. थांबणं भागच आहे. ‘पोहोचता येत नाही’ हे मात्र थांबल्यावरच म्हणायचं, नाहीतर पुढची फेरी आपल्याला खोटं पाडेल. ही डेटालॉग या तर्काच्या चौकशी-भाषेची रीत. 1972 सालची प्रोलॉग ही तर्काचीच संगणकभाषा मात्र उत्तराकडून मागे शोधत जाते, त्यामुळे दुतर्फा रस्त्यांवर ती गोल गोल फिरत राहू शकते. डेटाबेसच्या, स्वतःला न बोलावणाऱ्या साध्या चौकशीत ‘पोहोचता येतं का’ हा प्रश्न मावतच नाही, हे आहो आणि उलमन या संगणकशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं.

आता एक पायरी वर चढू. पुराच्या एका क्षणाचा अख्खा नकाशा हाच एक बिंदू माना, आणि एक नियम लावून मिळणारा पुढचा नकाशा हा दुसरा. 20 रस्ते, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे 10,48,576 नकाशे. या महाआलेखावरही त्याच दोन ओळी चालतात: आजच्या नकाशावरून ‘गाव तुटलेल्या’ नकाशाला पोहोचता येतं का? नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातलं ‘ग्रूव्ह’ हे सॉफ्टवेअर असे नकाशे पिंजून काढतं आणि त्यांना प्रोलॉगमधून प्रश्नही विचारू देतं.

‘नवी छावणी उभारा’ असा बिंदूच वाढवणारा नियम आला की मात्र नकाशांना अंत उरत नाही. असे नियम लावणं कधी थांबेल की नाही, हे दर वेळी ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही.