एनडीएचा अर्ज भरताय? आधी दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जायचं म्हटलं की घरोघरी पहिली चर्चा गणिताची होते. मी पोरांना अर्ज भरायला मदत करतो, आणि मला पहिला अडथळा लागतो तो नावाचा. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. मध्येच कुणीतरी 'भाऊसाहेब'चं 'भाऊसो' करून ठेवलेलं. गेल्या खेपेला एका पोराच्या तीन कागदांवर बापाची तीन नावं निघाली. केंद्रीय लोकसेवा आयोगाला, म्हणजे यूपीएससीला, नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लागते. आधारमध्ये फरक असेल तर दुरुस्ती जाहिरात येण्याच्या आधीच करून घ्या. अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत आधार केंद्राच्या रांगेत उभं राहणाऱ्या पालकांचे चेहरे मी पाहिले आहेत.

जन्मतारखेचंही तसंच. दहावीचं गुणपत्रक वेगळं आणि जन्मतारीख छापलेलं बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं. ते शाळेतून आणलंच नाही, असे बरेच जण भेटतात. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र किंवा महापालिकेचा जन्माचा उतारा वयाचा पुरावा म्हणून आयोग धरत नाही, हे अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेलं असतं.

कोण बसू शकतं

उमेदवार अविवाहित हवा, मुलगा किंवा मुलगी. मुलींना ही दारं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने उघडली. पहिली तुकडी २०२२ मध्ये आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या.

अभ्यासक्रम सुरू होताना वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं. आयोग वय वर्षांत मोजत बसत नाही, 'या तारखेच्या आधी जन्म नको, त्या तारखेच्या नंतर नको' असं सांगतो. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद. परीक्षा वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपासची पहिली, तिची तुकडी पुढच्या जानेवारीत आत जाते. सप्टेंबरच्या आसपासची दुसरी, तिची पुढच्या जुलैत. आता समजा १५ ऑगस्ट २००८ चा जन्म आणि २०२६ साली बारावी. बारावीत असतानाच २०२५ ची दुसरी परीक्षा देता येते, मग २०२६ च्या दोन्ही, आणि २०२७ ची पहिली शेवटची. म्हणजे संधी मोजून चार. 'पदवीला गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या तारखेने एकदा मांडावा.

शिक्षणाची अट निवडीवर आहे. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीच्या थेट (एनडीएत न जाता) प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. कला शाखेच्या मुलाला लष्कराचा रस्ता मोकळा आहे, पण लेखी परीक्षेतला गणिताचा पेपर त्यालाही चुकत नाही. बारावीला बसलेले अर्ज करू शकतात, अकरावीतले नाही.

एनडीएत जातीनिहाय आरक्षण नाही. फी १०० रुपये. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार आणि जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर) व जवानांची ठरावीक पाल्यं यांना ती माफ आहे. ओबीसींना माफी नाही, त्यांनी फी भरायचीच.

अर्ज

अधिसूचना पहिल्या परीक्षेची डिसेंबरच्या सुमारास, दुसरीची मेच्या सुमारास येते. अर्ज फक्त आयोगाच्या संकेतस्थळावर. २०२५ पासून त्याची रचना बदलली आहे. आधी खातं, मग कायमची नोंदणी, मग सगळ्या परीक्षांना लागणारी सामाईक माहिती आणि शेवटी त्या परीक्षेपुरता भाग. पहिले तीन भाग जाहिरातीची वाट न पाहता निवांत भरून ठेवता येतात, आणि ठेवावेतच. फोटो, सही आणि ओळखपत्र अपलोड करावं लागतं. फोटो ताजा हवा. दाढी ठेवून काढलेला फोटो आणि गुळगुळीत चेहऱ्याने परीक्षेला आलेला उमेदवार, हा घोळ टाळा. परीक्षा केंद्र 'आधी येईल त्याला' या तत्त्वावर मिळतं, म्हणून शेवटच्या रात्री अर्ज करणाऱ्याला जवळचं शहर मिळेलच असं नाही.

अर्जातला सगळ्यात महागडा रकाना पसंतीक्रमाचा. लष्कर, नौदल, हवाई दल, नौदल अकादमी. जे लिहाल त्याचाच विचार होतो. २०२५ च्या दुसऱ्या परीक्षेच्या ४०६ जागांपैकी लष्कराच्या २०८, हवाई दलाच्या १२०, नौदलाच्या ४२ आणि नौदल अकादमीच्या ३६ होत्या. मित्राने हवाई दल पहिलं लिहिलं म्हणून तुम्हीही लिहू नका. उड्डाण शाखेसाठी संगणकावरची वैमानिक निवड चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात तर वैमानिक म्हणून पुन्हा दार वाजवता येत नाही. चष्मा असलेल्यांनी हा रकाना भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. रंग ओळखण्याची तपासणीही त्याच खेपेत करून घ्या.

लेखी परीक्षा

एकाच दिवशी दोन पेपर, प्रत्येकी अडीच तास. गणिताला १२० प्रश्न, ३०० गुण. सामान्य क्षमता चाचणीला १५० प्रश्न, ६०० गुण, त्यात २०० इंग्रजीचे आणि ४०० सामान्य ज्ञानाचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी प्रश्नपत्रिकेतले 'सारणिक' (निश्चयक), 'अवकलन' हे शब्द इंग्रजी नावांसकट ओळखीचे करून घ्यावेत, नाहीतर येत असलेलं गणितही परकं वाटतं.

दहावीनंतर दोन वर्षं हाताशी असतील तर महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलांसाठी १९७७ पासून. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. तिथल्या प्रवेशाची लेखी परीक्षा आणि मुलाखत वेगळी असते.

एसएसबी

एसएसबी म्हणजे अधिकारी निवडणारं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. लेखी निकालानंतर लष्कराला पहिली पसंती दिलेल्यांनी दोन आठवड्यांत लष्कराच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. इथे दरवर्षी कुणीतरी गळतो. लेखी पास झाल्याचे पेढे वाटण्यात आठवडा जातो आणि नोंदणी राहते.

मुलाखत मंडळासमोर पाच दिवस, ९०० गुण. म्हणजे लेखी परीक्षेएवढेच. सोबत मूळ कागद लागतात. दहावीचं प्रमाणपत्र, गुणपत्रकं, बारावीचं प्रमाणपत्र किंवा महाविद्यालयाचं पत्र, बोलावणं आलेलं पत्र, फोटो, ओळखपत्र आणि पालकांच्या सहीचं जोखीम प्रमाणपत्र. ते वडिलांच्या सहीविना घेऊन गेलेली मुलं स्टेशनवरून घरी फोन करतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला एसी थ्री टियरचं जाण्यायेण्याचं भाडं मिळतं, म्हणून तिकीट फेकू नका. त्याच प्रवेशासाठी दुसऱ्यांदा गेलात तर मिळत नाही.

पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमत्ता चाचणीनंतर पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसतं, मग चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात सांगून चर्चा करायची. क्लासवाल्यांनी पढवलेली गोष्ट इथे लगेच ओळखू येते. चित्रात काहीही असो, नायक गावात स्वच्छता मोहीम काढतो. चाळणीत न उतरलेले त्याच दिवशी परत निघतात. जे राहतात त्यांच्याकडून माहितीचा एक लांबलचक अर्ज भरून घेतात. आईवडिलांचं काम, गुण, खेळ, छंद. मुलाखत घेणारा अधिकारी तोच कागद समोर ठेवून विचारतो. छंदाच्या जागी 'ट्रेकिंग' लिहिलं असेल तर राजगडावर पाण्याची टाकी कुठे आहेत हे सांगता आलं पाहिजे. 'काही विशेष नाही, म्हशी सांभाळतो' असं लिहिणाऱ्या पोराला सांगण्यासारखं जास्त असतं, असा माझा अनुभव आहे.

नंतर मानसशास्त्रीय चाचण्या होतात. चित्रांवरच्या गोष्टी, साठ शब्दांवर पंधरा-पंधरा सेकंदांत वाक्यं, अर्ध्या तासात साठ प्रसंग. मग मैदानावरची गटकार्यं, मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर काही मिनिटं. तयार अधिकारी कुणी शोधत नाही, घडवता येईल असा पोरगा किंवा पोरगी शोधतात. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा, या तीन जणांना वेगवेगळ्या वाटेने तोच माणूस दिसला पाहिजे, एवढंच.

वैद्यकीय आणि पुढे

शिफारस झाल्यावर सैनिकी रुग्णालयात तपासणी. कानातला मळ, दातांचं काम, वजन या गोष्टी आधीच करून घेता येतात, आणि तरी मुलं त्यातच अडकतात. गोंदणालाही मर्यादा आहेत, कोपरापुढच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या मागच्या बाजूला चालतं. अपात्र ठरलात तर अपील मंडळाकडे ४२ दिवसांत जाता येतं. अंतिम यादी लेखी आणि एसएसबीच्या एकूण १८०० गुणांवर लागते.

प्रबोधिनीत तीन वर्षं, सहा टर्म. शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी. राहणं, जेवण, गणवेश, शिक्षण सरकारी, खिशाला लागणारा खर्च घरचा. पहिल्या टर्ममध्ये ड्रिलची परीक्षा पास होईपर्यंत बाहेर जायची 'लिबर्टी' मिळत नाही. चूक झाली की 'रगडा', म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा. एका वर्गातून दुसरीकडे सायकलवर, रांगेत. काही टर्ममध्ये शिबिरं, त्यातलं एक तोरण्याच्या नावाचं. टर्म नापास झाली तर सहा महिने मागे जावं लागतं. शेवटच्या संचलनात क्वार्टरडेकवर 'अंतिम पग', म्हणजे शेवटचं पाऊल, पडला की तिथून लष्कराचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे एझिमलाला, हवाई दलाचे मुख्यतः डुंडिगलला जातात. अधिकारी ते तिथल्या पुढच्या प्रशिक्षणानंतर होतात.

रुजू होताना पालकांकडून बंधपत्र घेतलं जातं. वैद्यकीय कारण नसताना मुलाने स्वतःहून प्रबोधिनी सोडली तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो. सही करण्याआधी आईबापांनी तो कागद मुलाशेजारी बसून वाचावा, एकदा तरी मोठ्याने.