एनएमएमएस फक्त मागासवर्गीयांसाठी? नाही!

एनएमएमएस म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. "एनएमएमएसचा फॉर्म कशाला भरता? ती शिष्यवृत्ती मागासवर्गीयांनाच मिळते," असं अनेक पालकांना वर्षानुवर्षं वाटत आलंय. हे चूक आहे. आरक्षण आहे, पण आठवीतल्या या परीक्षेला सगळ्याच प्रवर्गांतली मुलं बसू शकतात. अट आहे ती पालकांच्या उत्पन्नाची, वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत. शिवाय शाळा जिल्हा परिषदेची, पालिकेची, सरकारी किंवा अनुदानित हवी. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

मला जास्त काळजी वाटते ती निवडीनंतरची. पैसे आपोआप येत राहत नाहीत. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. गुरुजी, बाई, सत्कारानंतरही त्या मुलांचा अर्ज दरवर्षी भरून घ्या.